बेडकुळी, वाटी आणि बाहुली

तोंडी परीक्षेत एका विद्यार्थिनीला मी पायाचा रक्तपुरवठा विचारला. तिने न अडखळता सांगितला. पोटातली महाधमनी कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी दुभंगते, तिची फांदी जांघेतून मांडीत उतरते, गुडघ्याच्या मागे जाते, तिथून एक वाट नडगीच्या पुढच्या अंगाने खाली येते आणि घोटा ओलांडला की तीच धमनी 'डॉर्सालिस पेडिस' या नावाने पावलावर येते. शाखाही क्रमाने आल्या. मी म्हटलं, "छान. आता ही नाडी तुझ्या पायावर दाखव." तिने चप्पल काढली, वाकली, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला बोटं टेकवली आणि तशीच थांबली. तिथे नाडी नसते. मी तिला पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला. पावलावर जी कंडरा ताठ उभी राहिली तिच्या किंचित बाहेर तिचीच दोन बोटं ठेवली. "मॅडम, लागतेय!" ती म्हणाली, आणि परीक्षा चालू आहे हे आम्ही दोघीही क्षणभर विसरलो.

तिला मी चांगले गुण दिले, कारण चूक तिची नव्हती. वर्षभर आम्ही तिला नावं दिली होती, नाडी दिली नव्हती. हीच मुलगी पुढे वॉर्डात जाणार, मधुमेह असलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या पायाचं काळं पडलेलं बोट बघणार, आणि तिथे पहिल्या प्रश्नांतला एक हाच असतो: पावलावर नाडी लागते का? पाय राहणार की जाणार, हे त्या उत्तरावर पुष्कळदा अवलंबून असतं. या पुस्तकाची कल्पना त्या दिवशी मनात आली. लिहून व्हायला बरीच वर्षं गेली.

शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र शिकणारी मुलं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एमबीबीएसचीच मुलं येतात. पण याच विषयांना नर्सिंगची मुलं बसतात, फिजिओथेरपीची बसतात, फार्मसीची, दंतवैद्यकाची, लॅब टेक्निशियनच्या पदविकेची, शारीरिक शिक्षणाची बसतात. आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षाला 'रचना शारीर' आणि 'क्रिया शारीर' असे दोन विषय असतात. यातली कितीतरी मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात. पहिल्या वर्षी त्यांच्यापुढे हजारो नवे शब्द एकदम येऊन पडतात, तेही इंग्रजीच्या आड लपलेल्या लॅटिन आणि ग्रीकमधून. जुलै-ऑगस्टमध्ये वर्गात सगळ्यात पुढे बसणारा मुलगा दिवाळीनंतर मागच्या बाकावर दिसतो. त्याला विषय कळत नाही असं नसतं. शब्दांच्या ढिगाखाली तो दबलेला असतो. शरीररचनेवरचे चौरासियांचे खंड आणि शरीरक्रियेवरचं गायटनचं जाड पुस्तक यांची जागा हे पुस्तक घेणार नाही. ती पुस्तकं वाचायलाच हवीत. ती उघडण्याआधी आणि उघडल्यावर अडलं की शेजारी ठेवावं, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

मला या प्रस्तावनेत मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. शरीराचं पहिलं पुस्तक विद्यार्थ्याकडे आधीच असतं. ते त्याच्या अंगावर असतं आणि त्याच्या भाषेत असतं.

लहानपणी आपण सगळ्यांनी मूठ आवळून, कोपर दुमडून दंडातली बेडकुळी काढून दाखवली आहे. मोठ्या भावाची बेडकुळी मोठी, आपली छोटी. कातडीखाली एक बेडूक बसलाय आणि हात दुमडला की तो फुगतो, असं मराठी माणसाला दिसलं. रोमन माणसाला त्याच जागी उंदीर दिसला. इंग्रजीतला 'मसल' हा शब्द लॅटिनमधल्या 'छोटा उंदीर' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. हे सांगितलं की वर्ग हसतो आणि मग त्या शब्दाचं परकेपण थोडं कमी होतं. गुडघ्यावरच्या हाडाला आपण वाटी म्हणतो. त्याचं शास्त्रीय नाव 'पॅटेला', म्हणजे लॅटिनमध्ये लहानशी ताटली. डोळ्याच्या मधल्या काळ्या छिद्राला आपण बाहुली म्हणतो, कारण समोरच्याच्या डोळ्यात वाकून पाहिलं की आपलीच इवलीशी आकृती दिसते. 'प्युपिल' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचाही अर्थ छोटी बाहुलीच. दोन संस्कृती एकमेकींपासून इतक्या लांब, पण दोघींतही कुणीतरी कुणाच्या तरी डोळ्यात तितकंच जवळून पाहिलं होतं.

पायाच्या मागच्या फुगीर भागाला आपण पोटरी म्हणतो. ज्वारी निसवण्याआधी कणीस पानाच्या आत फुगतं, तेव्हा शेतकरी पीक पोटरीत आलं म्हणतो. 'गॅस्ट्रोक्नेमियस' या उच्चारायला अवघड नावाचा ग्रीक अर्थ 'पायाचं पोट' असा आहे. नडगीच्या हाडाचं नाव 'टिबिया', म्हणजे बासरी. गळ्याच्या हाडाचं 'क्लॅव्हिकल', म्हणजे लहान किल्ली. मांडीवरून तिरका जाणारा लांब स्नायू 'सार्टोरियस', म्हणजे शिंप्याचा, कारण शिंपी मांडी घालून बसतो आणि मांडी घालताना हा स्नायू कामाला येतो. कण्याच्या टोकाला ग्रीकांना कोकिळेची चोच दिसली आणि त्यांनी 'कॉक्सिक्स' म्हटलं. आपल्याला माकडाचं शेपूट आठवलं आणि आपण माकडहाड म्हटलं. मला विचाराल तर आपलं नाव जास्त खरं आहे, कारण ते हाड शेपटाचाच अवशेष आहे.

नावांपलीकडे काही शब्दांत निरीक्षणही साठवलेलं आहे. पायाला जखम झाली, ती चिघळली, की जांघेत अवधाण येतं हे आजीला ठाऊक होतं. जखम खाली पावलावर आणि गाठ वर जांघेत, हे ती किती पिढ्यांच्या पाहण्यातून शिकली असेल! पावलापासून निघणाऱ्या लसीकावाहिन्या जांघेतल्या गाठींकडे येतात, तिथे जंतू अडवले जातात आणि गाठ सुजते, हे लसीकासंस्थेचं अख्खं प्रकरण त्या एका शब्दात आहे. हिवतापाच्या भागात मुलाच्या पोटावर डाव्या बरगडीखाली हात लावून 'पानथरी वाढलीय' असं म्हणणाऱ्या बाया होत्या. आमचे विद्यार्थी पुढे 'प्लीहावृद्धी' लिहितात ती तीच.

आता याची दुसरी बाजू. घरातल्या शब्दांत गफलतीही आहेत आणि त्या न सोडवता पुढे गेलं तर पुढे रुग्णाला महागात पडतात. 'काळीज' हा शब्द आपण हृदयासाठी वापरतो. काळजाचा ठोका चुकतो, काळजाला घरं पडतात. पण जुन्या कोशांत काळीज म्हणजे यकृतसुद्धा आहे, आणि मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली की खाटीक यकृतच तोलतो. 'शीर' हा शब्द तर तीन-चार वेगळ्या गोष्टींना चिकटलेला आहे. सिस्टर म्हणते 'शीर सापडत नाही', तेव्हा तिला सलाइनसाठी नीला हवी असते. कंबरदुखीचा माणूस म्हणतो 'शीर दबली', तेव्हा तो चेतातंतूबद्दल बोलत असतो. खेळाडू म्हणतो 'शीर आखडली', तेव्हा त्याचा स्नायू धरलेला असतो. रुग्णाने वापरलेला शब्द आणि त्याच्या शरीरातली वस्तू यांच्यात पूल बांधणं हे पहिल्या वर्षापासूनचं काम आहे, इंटर्नशिपमध्ये शिकण्याचं नाही.

आयुर्वेदाच्या मुलांची अडचण याहून मोठी. शाळेत ती 'पेशी' म्हणजे शरीराचा सूक्ष्म घटक असं शिकलेली असतात. सुश्रुतसंहितेत पेशी म्हणजे मांसाचा स्नायू, आणि त्या पाचशे सांगितल्या आहेत. मराठीत 'स्नायू' म्हणजे आकुंचन पावणारं मांस. संहितेत स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोरे, तेही नऊशे. 'मज्जा' म्हणजे हाडातला गर, पण आपली शाळेची पुस्तकं मेंदू आणि चेतातंतूंना मज्जासंस्था म्हणत आली. अशा मुलीने दोन्ही पुस्तकं एकाच संध्याकाळी वाचली तर तिच्या डोक्यात काय गोंधळ होईल याचा विचार आम्ही शिक्षकांनी क्वचितच केला. या पुस्तकात जिथे शब्द बदलतो तिथे मी थांबून सांगितलं आहे. चेता, ऊती, पेशी हे शब्द मी मराठी परिभाषेप्रमाणे वापरले आहेत आणि शास्त्रीय नाव देवनागरीत सोबत दिलं आहे. परीक्षेत तेच लिहायचं आहे हे मला माहीत आहे.

सुश्रुतसंहितेचा उल्लेख आलाच आहे तर आणखी थोडं. शारीरस्थानात शव कसं तपासावं याची रीत दिली आहे. ते मुंज गवतासारख्या वेष्टनात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री राहू द्यायचं आणि मग वाळ्याच्या किंवा तशा कुंच्याने हळूहळू एकेक थर खरवडत आतलं डोळ्यांनी पाहायचं. शल्य करणाऱ्याने ग्रंथ आणि प्रत्यक्ष दोन्ही जाणलं पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. तिथे हाडं तीनशे आहेत आणि आज आपण प्रौढ शरीरात २०६ मोजतो. विद्यार्थी विचारतात, मग चूक कुणाची? चुकीचा प्रश्नच नाही. तिथे दात आणि कूर्चाही मोजल्या आहेत. मोजणी काय धरून केली हे विचारल्याशिवाय आकडा पाठ करू नये, एवढी सवय या एका उदाहरणाने लागली तरी पुष्कळ झालं. पुढे शतकानुशतकं ग्रंथ राहिला आणि प्रत्यक्ष सुटलं. १८३६ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा आधुनिक शिक्षणात ते पुन्हा हातात आलं. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते.

याच कॉलेजात १८५८ मध्ये एक तरुण इंग्रज शिक्षक आला. त्याची गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण जगभर गाजलेल्या पुस्तकाचा अर्धा वाटेकरी आपल्याकडे शिकवत होता हे आपल्याच विद्यार्थ्यांना ठाऊक नसतं. त्याचं नाव हेन्री व्हॅनडाइक कार्टर. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' हे पुस्तक १८५८ मध्ये लंडनहून निघालं. मजकूर हेन्री ग्रेचा, चित्रं कार्टरची. दोघांनी सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात शवविच्छेदनं केली आणि कार्टरने साडेतीनशेच्या वर आकृत्या काढल्या. त्या आधीच्या बहुतेक पुस्तकांत अवयवावर 'अ', 'ब' अशी अक्षरं असत आणि नाव तळाच्या यादीत शोधावं लागे. कार्टरने नाव थेट अवयवावर लिहिलं. धमनीच्या अंगाने धमनीचं नाव वळत जातं, स्नायूच्या लांबीवर स्नायूचं नाव पसरतं. डोळा चित्रावरून हलत नाही. विद्यार्थ्याला नाव आणि वस्तू एकदमच भेटतात. हे पुस्तक दीडशेहून अधिक वर्षं टिकलं, त्याचं मोठं कारण माझ्या मते या चित्रांत आहे.

पुस्तक बाजारात आलं तेव्हा कार्टर मुंबईत पोहोचला होता. मानधनाची एकरकमी रक्कम त्याला मिळाली, पुढच्या आवृत्त्यांतला वाटा मिळाला नाही. ग्रे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने गेला, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. कार्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया दोन्ही शिकवत राहिला, नंतर काही वर्षं साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता, कुष्ठरोगावर आणि अनवाणी चालणाऱ्यांच्या पायाला होणाऱ्या बुरशीजन्य रोगावर त्याने काम केलं आणि शेवटी त्याच कॉलेजचा प्राचार्य झाला. ज्याने पावलातली प्रत्येक धमनी कागदावर काढली होती तो माणूस साताऱ्याच्या आसपासच्या कष्टकऱ्यांची पावलं तपासत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

कार्टर दोन्ही विषय शिकवत होता, आणि आज तेच दोन विषय दोन मजल्यांवर आहेत. एका मजल्यावर रचना, दुसऱ्यावर क्रिया, मधे जिना. वेळापत्रकासाठी ही वाटणी सोयीची असेल, शरीराला ती माहीत नाही. हृदयविकाराचा झटका आलेला माणूस कित्येकदा सांगतो, 'डावा हात आतून दुखतोय, पित्त झालं असेल.' घरचे सोडा देतात, जेलुसिल देतात, आणि मोलाचा तास निघून जातो. हृदय छातीत आणि दुखणं हातात का? हृदयाकडून वेदना घेऊन येणारे तंतू पाठीच्या कण्याच्या वरच्या छातीच्या भागात, साधारण पहिल्या ते पाचव्या पातळीवर, मज्जारज्जूत शिरतात. दंडाच्या आणि हाताच्या आतल्या कडेच्या त्वचेतले तंतू त्याच शेजारात येतात. मेंदूला त्वचेकडून निरोप येण्याची सवय असते, हृदयाकडून नसते. म्हणून तो निरोप हाताच्या नावावर टाकतो. अर्धं उत्तर रचनेत आहे, अर्धं क्रियेत. ज्याने ते एकत्र समजून घेतलं तो परिचारक रात्री दोन वाजता 'पित्त' हा शब्द ऐकून ईसीजी काढायला धावेल.

श्वासपटलाचंही तसंच. पित्ताशयाला सूज आली आणि ती श्वासपटलापर्यंत पोहोचली की उजवा खांदा दुखतो. भ्रूणावस्थेत श्वासपटल मानेच्या पातळीवर तयार होतं आणि खाली सरकताना आपली चेता मानेतूनच, तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून, सोबत आणतं. खांद्याची त्वचाही त्याच पातळ्यांवरची. एवढं कळलं की 'फ्रेनिक नर्व्ह'चा लांबलचक मार्ग पाठ करावा लागत नाही, तो आठवतो.

माझा स्वतःचा विषय शरीरक्रियाशास्त्र, म्हणून माझं आवडतं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी देतात. मीठ गेलेलं असतं म्हणून मीठ, पाणी गेलेलं असतं म्हणून पाणी, पण साखर कशाला? ताकद यावी म्हणून, असं जवळजवळ प्रत्येक वर्गात उत्तर येतं. खरं कारण आतड्याच्या पेशीच्या भिंतीवर आहे. तिथे एक वाहक प्रथिन आहे. ते सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेतं, एकट्याला घेत नाही. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडीची कल्पना १९६० मध्ये मांडली. पटकीसारख्या रोगात आतडं पाणी सोडत असतं, तरी हे वाहक शाबूत असतं. ग्लुकोज दिलं की सोडियम आत जातं, आणि सोडियमच्या मागे पाणी जातं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात सीमेवर बनगावच्या छावणीत निर्वासितांमध्ये पटकी पसरली, शिरेतून द्यायचं सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपातून हे पाणी वाटलं आणि नातेवाइकांच्या हातून पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पेशीच्या भिंतीवरचं एक प्रथिन समजलं आणि त्यातून किती आयांची मुलं वाचली! विद्यार्थ्याला 'सोडियम-ग्लुकोज सहवहन' हा पाच गुणांचा प्रश्न वाटतो, तेव्हा मला वाईट वाटतं ते यासाठी.

मूत्रपिंडाचा आकडा असाच नुसता पाठ होतो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड लिटर बाहेर पडतो. १८० लिटर म्हणजे पंधरा लिटरच्या बारा घागरी. शरीरात रक्तद्रव तर तीनच लिटरच्या आसपास. म्हणजे तेच पाणी दिवसात साठेक वेळा गाळलं जातं आणि जवळजवळ सगळं परत घेतलं जातं. हे घागरीच्या हिशेबात बसलं की डायलिसिसवरच्या माणसाची तहान आणि त्याचं मोजून पाणी पिणं कळू लागतं.

पोटरीकडे पुन्हा यायला हवं. पायातलं रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढतं ते हृदयाच्या ओढीने कमी आणि पोटरीच्या पिळण्याने जास्त. स्नायू आवळतो, आतल्या नीला दाबल्या जातात, नीलांमधल्या झडपा रक्ताला खाली येऊ देत नाहीत. चालणाऱ्याची पोटरी हे काम पावलागणिक करते. उभं राहणाऱ्याची करत नाही. म्हणून वाहतूक पोलीस, ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर, दिवसभर पोळ्या लाटणाऱ्या बाया, यांच्या पायांवर निळ्या शिरा फुगतात. आळंदीहून पंढरपूरला चालत जाणाऱ्या म्हातारीचे पाय दुखतात, पण ती चालत असते तोवर तिच्या नीला तिची साथ सोडत नाहीत.

अभ्यास कसा करावा, हे विद्यार्थी सगळ्यात आधी विचारतात. यावर फार लिहिणार नाही. चित्र काढा. सुबक नको, स्वतःचं हवं. पुस्तक मिटून काढा, मग उघडून चूक बघा. प्रत्येक हाड हातात घेऊन डोळे मिटून ओळखा, डावं की उजवं ते सांगा. स्वतःच्या अंगावर खुणा शोधा: कोपरावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या का जातात, घास गिळताना गळ्याची घाटी वर का सरकते, जिना चढून आल्यावर नाडी किती वेळात खाली येते. मग ते आईला मराठीत समजावून सांगा. आईला कळलं नाही तर तुम्हालाही कळलेलं नाही. पूर्वी आम्ही शरीरक्रियेच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या पायाचा स्नायू काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर आकुंचन नोंदवायला लावत असू. ते प्रयोग थांबले, ते योग्यच झालं. पण त्याची जागा नुसत्या संगणकाच्या पडद्याने घेतली तर ते पुरेसं नाही. स्वतःच्या बोटातून थेंबभर रक्त काढून हिमोग्लोबिन मोजणारा विद्यार्थी तो आकडा जन्मात विसरत नाही.

आकड्यांबद्दल एक तक्रार आहे. आमच्या पुस्तकांतला प्रमाण माणूस सत्तर किलोचा, तरुण, निरोगी पुरुष असतो. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रांगेत उभी असलेली पंचेचाळीस किलोची, तीन बाळंतपणं झालेली, पांढरी फटक बाई त्या पुस्तकात सापडत नाही. या पुस्तकात शक्य तिथे मी दोघांचे आकडे दिले आहेत आणि गर्भारपणात ते कसे बदलतात हेही दिलं आहे. शरीर पुस्तकाबरहुकूम नसतंच. ज्या पावलावरच्या नाडीपासून मी सुरुवात केली, ती काही पूर्ण निरोगी माणसांमध्ये लागतच नाही, कारण त्यांच्यात ती धमनी बारीक असते किंवा वेगळ्या वाटेने आलेली असते. अशा माणसाच्या पायावर नाडी न लागणं हा रोग नाही. हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, विच्छेदनाच्या टेबलाने शिकवलं.

त्या टेबलाबद्दल लिहायला हवं. ग्रे आणि कार्टर यांनी ज्या शरीरांवर काम केलं ती बहुतेक लंडनमधल्या गरिबांची, मागे कुणी दावा न सांगितलेली शरीरं होती. त्यांची नावं कुठल्याच चित्राखाली नाहीत. आपल्याकडेही १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह शिक्षणासाठी मिळू लागले, आणि आमच्या पिढीने बहुतांशी त्यांच्यावरच शिकून घेतलं. मी शिकत असताना आमच्या हॉलमध्ये त्या देहांशी नेहमी नीट वागणूक होत होती असं मला म्हणता येणार नाही. मुलं घाबरलेली असत आणि भीती झाकायला मोठ्याने बोलत. आता पहिल्या दिवशी मुलं त्या देहापुढे उभी राहून शपथ घेतात, त्याला आपला पहिला गुरू म्हणतात. हा बदल चांगला आहे. त्याहून चांगलं हे, की आता टेबलावर स्वेच्छेने आलेले देह वाढत आहेत: निवृत्त शिक्षक, कामगार, गृहिणी, ज्यांनी जिवंतपणी अर्ज भरला आणि ज्यांच्या मुलांनी रडत रडत तो शब्द पाळला. अर्ज भरणं पुरेसं नसतं. मृत्यूनंतर नातेवाइकांनी संमती देऊन देह वेळेत पोहोचवावा लागतो, म्हणून इच्छा घरात मोठ्याने सांगून ठेवावी लागते. या पुस्तकातलं जे काही मी खात्रीने लिहू शकले ते अशा देहांमुळे. त्यांची नावं मला सांगितली गेली नाहीत, म्हणून आभाराच्या यादीत ती नाहीत.

पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दोन पानं कोरी सोडली आहेत. ती चित्रांसाठी आहेत. प्रत्येक अवयवाचं शास्त्रीय नाव, परिभाषेतला शब्द आणि घरातला शब्द असे तीनही दिले आहेत, पण घरातल्या शब्दांची यादी अपुरी आहे हे मला ठाऊक आहे. मी पश्चिम महाराष्ट्रात वाढले, त्यामुळे माझ्या कानावर पडलेलेच शब्द त्यात जास्त आले. कोकणात, खानदेशात, वऱ्हाडात, मराठवाड्यात, गोव्यात, बेळगावच्या बाजूला आणि आदिवासी पाड्यांवर याच हाडांना, सांध्यांना, दुखण्यांना दुसरे शब्द आहेत. तुमच्या आजीने, गावातल्या सुईणीने, हाड बसवणाऱ्या माणसाने वापरलेला एखादा शब्द या पुस्तकात नसेल, तर तो कुठे ऐकला आणि बोट नेमकं कुठे ठेवून सांगितला, हे लिहून प्रकाशकांकडे पाठवा. पुढच्या आवृत्तीत तो त्या अवयवाच्या चित्रावरच छापू.